आसन, घर आणि घराणे : रिचर्ड गॉफ व मिडल गावाचा इतिहास

प्रास्ताविक

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो कोणत्या क्रमाने लिहावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. राज्यांचा इतिहास राजवटींच्या क्रमाने मांडता येतो, युद्धांचा मोहिमांच्या क्रमाने. गावात मात्र एकाच वेळी अनेक घरांत अनेक गोष्टी घडत असतात. एका घरी वारसाचा जन्म होत असतो, दुसऱ्या घरी जमीन गहाण पडत असते आणि तिसऱ्या घराचे छप्पर कोसळत असते. या साऱ्यांना एका सूत्रात ओवणारा राजा किंवा सेनापती तेथे नसतो. बहुसंख्य ग्रामेतिहासकार म्हणूनच गावातील प्रमुख घराण्याची वंशावळ हेच सूत्र मानतात. परिणामी गावाचा इतिहास हा त्या घराण्याचा इतिहास होऊन बसतो.

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील मिडल या गावाच्या इतिहासकाराने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते अन्यत्र क्वचितच आढळेल. रिचर्ड गॉफ याने १७०० ते १७०२ या काळात आपल्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या ग्रामसमूहाचा, इतिहास लिहिला. त्यासाठी त्याने चर्चमधील बाकांचा क्रम हाच प्रकरणांचा क्रम मानला. चर्चच्या आतील भागाचा आराखडा काढून तो एकेका बाकापाशी थांबतो, त्या बाकावर कोणत्या घराचा हक्क आहे ते सांगतो आणि मग त्या घरात राहून गेलेल्या माणसांची हकीकत, त्याला जेथवर आठवते तेथवर, मागे नेतो. या मांडणीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिच्यामागे कोणती सामाजिक कल्पना उभी आहे, गावचा माणूस कोण आणि उपरा कोण हे ठरविण्याचे कोणते माप तीत दडले आहे, याची चर्चा त्या मानाने कमी होते. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे.

गाव आणि गढी

मिडल हे गाव श्रूजबरी या परगण्याच्या मुख्य शहराच्या उत्तरेस सुमारे ११ किलोमीटर अंतरावर आहे. १०८६ च्या ‘डोम्सडे’ मोजणीत त्याची नोंद आढळते. मिडलच्या पॅरिशमध्ये मार्टन, न्यूटन-ऑन-द-हिल, ह्यूल्स्टन, बाल्डर्टन, आल्डर्टन अशा लहान वाड्यांचा समावेश होता. वेल्सची सरहद्द जवळ असल्याने मध्ययुगात या प्रदेशात गढ्या बांधण्याची गरज भासे. लेस्ट्रेंज घराण्याने मिडल येथे १३०८ मध्ये राजाची परवानगी घेऊन अशीच एक तटबंदीयुक्त गढी उभारली.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही गढी हंफ्री किनॅस्टन याच्या ताब्यात होती. हा गृहस्थ पुढे बंडखोर ठरला. १४९१ मध्ये त्यास कायद्याच्या संरक्षणातून बहिष्कृत करण्यात आले आणि १४९३ मध्ये त्यास माफी मिळाली. दरम्यानच्या काळात त्याने नेसक्लिफ येथील टेकडीतील गुहेत आश्रय घेतल्याची कथा आजही त्या भागात सांगितली जाते. त्याच्या घोड्याच्या अचाट उड्यांच्या कथा तर लोककथांच्याच वर्गात ठेवाव्या लागतील. किनॅस्टननंतर गढीकडे कोणी लक्ष दिले नाही. १६८८ च्या भूकंपात तिचा उरलासुरला मोठा भाग कोसळला आणि जिन्याच्या बुरुजाचा एक तुकडा तेवढा शिल्लक राहिला. गॉफच्या पिढीपुरते पाहता गढी ही सत्तेचे केंद्र राहिली नव्हती. ती एक पडीक वास्तू होती. मिडलच्या मॅनरचे, म्हणजे जमीनदारी हक्काचे, स्वामित्व सतराव्या शतकात एगर्टन घराण्याकडे, अर्थात ब्रिजवॉटरच्या अर्लांकडे होते. हे धनी दूर राहत. गावात प्रत्यक्ष वास्तव्य करून सर्वांवर छाया धरणारा मोठा जमीनदार मिडलमध्ये नव्हता. गॉफला सर्व घरांना एकाच पंक्तीत बसवून लिहिणे शक्य झाले, यामागे ही परिस्थिती निश्चितच कारणीभूत असावी.

इतिहासकार

रिचर्ड गॉफ याचा जन्म १६३५ मध्ये न्यूटन-ऑन-द-हिल येथे झाला आणि १७२३ मध्ये तो मृत्यू पावला. अठराव्या शतकात याच नावाचा एक विख्यात पुरातत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचा जन्म १७३५ चा, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनंतरचा असल्याने संदर्भसूचींमध्ये या दोघांची सरमिसळ होण्याचा संभव असतो. मिडलचा गॉफ हा मध्यम ऐपतीचा शेतकरी होता. थोडेबहुत लॅटिन त्यास येत होते. तरुणपणी त्याने स्टॅनवर्डाइनच्या रॉबर्ट कॉर्बेट या प्रतिष्ठित गृहस्थाकडे कारकुनी केली होती. त्यामुळे दस्तऐवज, भाडेपट्टे आणि न्यायालयीन कज्जे यांची भाषा त्याच्या हाडीमासी भिनली होती. गॉफ घराणे न्यूटन येथे अनेक पिढ्या राहत असून रिचर्ड हे नाव त्या घराण्यात वडिलांकडून मुलाकडे चालत आले होते.

लेखनास आरंभ केला तेव्हा त्याने वयाची पासष्टी गाठली होती. प्रथम त्याने प्रचलित पद्धतीने पॅरिशच्या सीमा, मॅनर, गढी, चर्च, धर्मोपदेशक अशी वर्णने लिहिली. विल्यम डगडेलचा वॉरविकशायरचा इतिहास १६५६ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि परगण्यांचे असे इतिहास लिहिण्याची प्रथा सुशिक्षित वर्गात रूढ झाली होती. त्या ग्रंथांत वंशावळी, कुलचिन्हे आणि समाधिलेख यांना मानाचे स्थान असे. नांगर धरणाऱ्याला, लोहाराला किंवा खानावळवाल्याला त्यात प्रवेश नव्हता. गॉफच्या लेखनाचा पहिला भाग थोडाफार याच वळणाचा आहे. मात्र तेथेही मधूनच त्याचा स्वभाव डोकावतो. चर्चच्या सेवकांची यादी देताना थॉमस हायवे या सेवकापाशी येताच तो स्पष्टपणे नोंदवतो की हा मनुष्य या कामास अपात्र आहे, त्यास वाचता जेमतेम येते, आणि स्तोत्रांची एकच चाल त्यास ठाऊक आहे. दर रविवारी तीच चाल ऐकावी लागणाऱ्या माणसाचा वैताग त्या नोंदीत आजही जाणवतो.

बाकांचा हक्क

१७०१ मध्ये सुरू केलेल्या दुसऱ्या भागात गॉफने बाकांचा क्रम स्वीकारला. ही कल्पना त्यास का सुचली, हे समजून घेण्यासाठी इंग्लंडच्या पॅरिश चर्चमधील आसनव्यवस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे.

मध्ययुगीन चर्चमध्ये उपासकांसाठी स्थिर आसने फारशी नसत. लोक उभे राहत वा गुडघे टेकत. धर्मसुधारणेनंतर प्रवचनास महत्त्व आले, प्रवचने लांबली आणि बसण्याची सोय अपरिहार्य झाली. लाकडी फळ्यांनी वेढलेली, दार असलेली बंदिस्त बाके सर्वत्र दिसू लागली. त्यांचे वाटप सामान्यतः चर्चचे कारभारी बिशपच्या अधिकाराखाली करीत. परंतु एखाद्या बाकावर एखाद्या घरातील लोक पिढ्यानपिढ्या बसत आले असतील आणि त्याच्या डागडुजीचा खर्च करीत आले असतील, तर वहिवाटीने त्या बाकावर त्या घराचा हक्क निर्माण होई. येथे मुद्दा असा की हा हक्क व्यक्तीचा नव्हता, तसाच तो कुळाचाही नव्हता. तो घराचा होता. घर विकले की आसनाचा हक्क नव्या मालकाकडे जाई. घर सोडून पॅरिशबाहेर गेलेल्या माणसाचा बाकाशी संबंध संपे. घराविना आसन विकता येत नसे.

अशा व्यवस्थेत तंटे उद्‌भवणे स्वाभाविक होते. मानपानाचे भांडण कोणत्याही गावास नवे नसते, आणि आठवड्यातून एकदा सर्व गाव ज्या क्रमाने एकत्र बसते तो क्रम म्हणजे गावच्या प्रतिष्ठेचा जाहीर तक्ताच होय. मिडलच्या चर्चमध्ये बाकांची फेररचना होत असताना पॅरिशच्या सभेत आलेली तक्रार गॉफने नोंदविली आहे. चर्चसाठीचा कर न भरणारी माणसे आणि तरुण पोरे पॅरिशमधील प्रतिष्ठितांच्या पुढच्या जागांवर बसतात, हे अशोभनीय आहे, असा तिचा आशय होता. पुढील बाके मोठ्या शेतजमिनींच्या घरांना, त्यामागील बाके लहान शेतकऱ्यांना आणि दक्षिणेकडील मागच्या जागा झोपडीवजा घरांना, अशा स्वरूपाचा क्रम रूढ झाला. चर्चमधील अंतर हे अशा प्रकारे करआकारणीच्या प्रमाणात मोजले जाऊ लागले.

गॉफने आपल्या लेखनाचा हेतूही व्यावहारिकच मानला होता. कोणाचे आसन कोणते, याची नोंद राहिली तर पुढील पिढ्यांतील कज्जे टळतील, असा त्याचा विचार होता. एका कारकुनाने केलेली ही हक्कनोंदणी होती. मात्र हक्क सिद्ध करावयाचा तर घर कोणाकडून कोणाकडे गेले हे सांगणे आले. घर हस्तांतरित का झाले हे सांगू गेल्यास मृत्यू, विवाह, कर्ज, व्यसन, खटला, युद्ध ही सारी कारणे सांगणे आले. हक्काची नोंद लिहिता लिहिता इतिहास लिहिला गेला तो असा.

तीन आयुष्यांचा पट्टा

घर आणि घराणे यांचे नाते मिडलमध्ये बव्हंशी एका विशिष्ट भाडेपट्ट्याने बांधलेले होते. इंग्लंडच्या पश्चिम भागात ‘तीन आयुष्यांचा पट्टा’ प्रचलित होता. पट्टा घेताना कूळ एकरकमी मोठा नजराणा देई आणि त्यानंतर वार्षिक खंड अल्प असे. पट्ट्यात तीन व्यक्तींची नावे नमूद केली जात, बहुधा पती, पत्नी व मुलगा यांची. या तिघांपैकी शेवटची व्यक्ती जिवंत असेपर्यंत पट्टा चाले. एखादे नाव गळाले की पुन्हा रक्कम भरून नवे नाव घालून घेता येई. म्हणजे घरातील प्रत्येक आजारपणाला आणि प्रत्येक दफनाला एक आर्थिक बाजू होती. पट्ट्यात नाव घातलेला मुलगा बालपणीच दगावला तर कुटुंबाने केलेली गुंतवणूकही धोक्यात येई. उलटपक्षी एखादी दीर्घायुषी विधवा तीस-तीस वर्षे घर हाती राखू शके. कोण कधी वारले आणि त्या वेळी पट्ट्यात कोणती ‘आयुष्ये’ शिल्लक होती, हे गॉफ इतक्या तपशिलाने देतो त्याचे कारण येथे आहे. वरवर पाहता घरगुती गप्पा वाटणाऱ्या या नोंदी वास्तविक मालमत्तेच्या नोंदी आहेत.

या व्यवस्थेत कोणती घराणी टिकली? सर्वसामान्य समजूत अशी की मोठी घराणी मुळे धरून राहतात आणि लहान माणसे वाहून जातात. मिडलचा पुरावा नेमका याच्या उलट दिशेने जातो. मोठ्या वास्तूंचे मालक सतराव्या शतकात वारंवार बदलले. बाल्डर्टन हॉल हे त्याचे ठळक उदाहरण होय. बांधकामाची हौस, कर्ज आणि ऐषआराम यांमुळे ही वास्तू एकामागून एक अनेक धन्यांच्या हातांतून गेली, आणि त्या प्रत्येकाच्या अधोगतीची हकीकत गॉफने काहीशा समाधानानेच लिहिली आहे, असे म्हणावेसे वाटते. याउलट मध्यम व लहान शेतकऱ्यांची कित्येक घराणी दीड-दोनशे वर्षे त्याच शेतांवर टिकून राहिली. अर्लकडे खंड भरणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी, चर्चचे कारभारी व गावचे शिपाई ही पदे आळीपाळीने सांभाळणारी हीच घराणी गावाचा कणा होती. स्वतः गॉफ त्यांतलाच एक होता, हे अर्थातच विसरता येत नाही.

टिकलेल्यांच्या जोडीने विस्कटलेल्या घरांचीही चित्रे या ग्रंथात आहेत. बाल्डर्टनचा थॉमस हेवर्ड हा मनमिळाऊ, लोकप्रिय गृहस्थ होता. पण त्याच्या घरात शांतता नव्हती. म्हणून तो जेवणखाणासाठी सार्वजनिक खानावळीत जाऊ लागला, तेथे सोबत मिळाली, बैठका लांबल्या आणि अखेरीस जमीन विकण्याची पाळी आली. गॉफने या ऱ्हासाचे खापर हेवर्डच्या पत्नीच्या कर्कश स्वभावावर फोडले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही नोंद जपूनच वापरली पाहिजे. ही पत्नी श्रूजबरीतील एका शाळामास्तराची मुलगी होती. घरातील अन्न सोडून खानावळीत पैसा उधळणाऱ्या पतीविषयी तिचे म्हणणे काय होते, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. गॉफच्या ग्रंथात मद्य आणि ‘वाईट बायका’ ही घरे बुडण्याची दोन आवडती कारणे आहेत. नजराण्याच्या वाढत्या रकमा, पिकांचे भाव, वाटण्या यांसारखी कारणे त्याला ठाऊक होती, पण माणसाच्या स्वभावात कारण सापडले की तो सहसा पुढे जात नाही.

वीस माणसे

मिडलच्या इतिहासातील सर्वाधिक उद्‌धृत होणारा भाग यादवी युद्धाचा आहे. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले तेव्हा गॉफ सात वर्षांचा होता. श्रूजबरीस राजाचा तळ पडला आणि सैनिकभरतीचे आवाहन झाले. मिडल, मार्टन आणि न्यूटन या केवळ तीन वाड्यांतून वीस माणसे राजाच्या बाजूने गेली आणि त्यांपैकी तेरा मारली गेली, असा हिशेब गॉफने साठ वर्षांनंतर मांडला. एवढ्याशा वाड्यांतून एवढे गेले, तर साऱ्या देशातून किती हजार गेले असतील, असा विचारही तो करतो.

या यादीचे महत्त्व केवळ आकड्यांत नाही. यादीतील प्रत्येक मनुष्य कोणाचा मुलगा, कोणत्या घरातला, हे तेथे नमूद आहे. रिचर्ड चॅलोनर हा लोहार ॲलन चॅलोनर याच्या भावाचा अनौरस मुलगा होता. काही अंशी पॅरिशच्या मदतीवर वाढलेला हा पोरगा जरा मोठा होताच श्रूजबरीस जाऊन सैन्यात नाव नोंदवितो, २३ ऑक्टोबर १६४२ च्या एजहिलच्या लढाईत जातो आणि त्यानंतर त्याच्याविषयी गावात काहीही ऐकू येत नाही. मार्टनचा एक होतकरू तरुण नेमका कोठे मारला गेला, हे गॉफला सांगता येत नाही आणि तो तसे मोकळेपणाने लिहितो. विल्यम प्रीस या गुहेत राहणाऱ्या माणसाचे दोन मुलगे हाय एर्कल येथे मारले गेले. पार्लमेंटच्या बाजूने गावातील मोजकेच लोक गेले. त्यांतील एकही दगावला नाही, मात्र मिडलवुडच्या जॉन मोल्ड याच्या पायात गोळी शिरली आणि तो पाय जन्मभर वाकडाच राहिला.

ॲलन चॅलोनरच्या लोहारशाळेपाशीच गॉफने युद्ध प्रत्यक्ष पाहिले. कॉलिन्स नावाचा राजपक्षाचा एक कनिष्ठ आयरिश अधिकारी घोड्यास नाल ठोकून घेण्यासाठी तेथे थांबला असता मोर्टन कॉर्बेट येथील पार्लमेंटपक्षीय तुकडीने छापा घातला आणि तो गोळी लागून पडला. जखमी कॉलिन्सला भेटावयास धर्मोपदेशक गेले तेव्हा त्यांच्यासोबत गॉफ हा शाळकरी मुलगाही होता. एकाच लोहारशाळेशी नाते सांगणाऱ्या या दोन घटना आहेत. अनौरस पोरगा तेथून युद्धावर गेला आणि युद्ध घोड्यावर बसून तेथेच परत आले. इंग्लंडच्या यादवीवरील मोठमोठ्या ग्रंथांत या दोन्ही घटनांना जागा नाही. लढाई राजाच्या तत्त्वासाठी झाली की पार्लमेंटच्या, याविषयी या वीस जणांना काय वाटत होते हे गॉफ सांगत नाही. रोजगार व खाणेपिणे यांच्या आशेने गेलेले त्यांत बरेच असावेत, असे त्यांच्या परिस्थितीवरून दिसते.

मागच्या बाकांपलीकडे

गॉब्लिन होल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या गुहेत प्रीसचे कुटुंब राहत होते, ती हार्मर टेकडीच्या वालुकाश्मात होती. खडकातील पोकळीस दगडी धुराडे जोडून तिचे घर केलेले होते. पॅरिशमधील इतर अनेक गरिबांनी मिडलवुडच्या रानाकाठी व पडीक जमिनीवर झोपड्या उभारल्या होत्या. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागात मोलमजुरांची संख्या अल्प होती. रान तोडले गेले, पाणथळ जमिनी कोरड्या केल्या गेल्या, तशी बाहेरून माणसे येऊन वसली आणि सतराव्या शतकाच्या मध्यास मजुरांचा वर्ग कितीतरी पटींनी वाढला. गॉफ यांच्यापैकी अनेकांची नावे देतो, टोपणनावेही देतो. प्रीसला लोक ‘स्कॉगन’ म्हणत. गढीवरील बंडखोर किनॅस्टनची गुहा लोककथेत अमर झाली, हे खरे. परंतु ज्या गुहेने दोन मुलगे युद्धात गमावले ती केवळ गॉफमुळे कळते.

तथापि गॉफच्या ग्रंथाच्या अखेरीस एक प्रकरण आहे, ज्याकडे मिडलच्या रसिक वाचकांचे पुरेसे लक्ष जात नाही. मिडल पॅरिश आणि इतर पॅरिश यांच्यातील कज्ज्यांची ही यादी आहे. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि त्यासाठी घराघरांवर कर बसविला. १६६२ च्या कायद्याने वार्षिक दहा पौंडांपेक्षा कमी मोलाचे घर घेऊन राहणाऱ्या नवागतास, तो पुढे पॅरिशवर भार होईल अशी शंका आल्यास, चाळीस दिवसांच्या आत त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठविण्याची मुभा दिली. १६९७ च्या कायद्यानुसार मदत घेणाऱ्यांना अंगावर खुणेचे अक्षर लावणे भाग पडले. या कायद्यांमुळे अमुक माणूस कोणत्या पॅरिशचा, हा प्रश्न कोर्टकचेरीचा झाला. मिडलने असा पहिला कज्जा कार्डिंग्टन पॅरिशशी हंफ्री बेडो या अपंग माणसाच्या पोषणावरून केला. अशा वादांत पॅरिशची बाजू मांडण्याच्या कामी गॉफची कारकुनी व कायदेशीर जाण उपयोगी पडे आणि तो त्याविषयी अभिमानाने लिहितो.

येथे ग्रंथाची दोन टोके जुळतात. आरंभी बाकांचा आराखडा आहे, अखेरीस वस्तीच्या हक्काचे कज्जे. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला जात आहे : या गावात कोणाला जागा आहे? पुढील बाकासाठी त्याचे उत्तर घराच्या वहिवाटीत सापडते. बेडोसारख्याच्या बाबतीत त्याचे उत्तर तो कोठे जन्मला, कोठे नोकरीस राहिला, कोणत्या पॅरिशने कधी त्यास मदत केली, अशा साक्षींतून काढावे लागते. ज्याच्याजवळ घर आहे त्याला इतिहास मिळतो. ज्याच्याजवळ ते नाही त्याच्या वाट्याला जबानी येते. गॉफ क्रूर नव्हता. गरिबांच्या हकीकती त्याने ज्या कुतूहलाने टिपल्या, तसे कुतूहल त्याच्या काळातील कोणत्याही परगणा-इतिहासकाराने दाखविले नाही. परंतु तो कर भरणारा होता, आणि पॅरिशच्या तिजोरीतून जाणारा प्रत्येक पैसा शेजाऱ्यांच्या व स्वतःच्या खिशातून जातो, हे भान त्याच्या लेखणीने क्षणभरही सोडले नाही. त्याचा ग्रंथ ‘समग्र गावाचा’ इतिहास म्हणून गौरविला जातो, तेव्हा ही मर्यादा सांगितलीच पाहिजे.

स्मृती आणि दस्तऐवज

गॉफच्या हयातीत हा ग्रंथ छापला गेला नाही. १८३४ मध्ये सर थॉमस फिलिप्स याने त्याचा काही भाग आणि १८७५ मध्ये श्रूजबरीच्या प्रकाशकांनी संपूर्ण ग्रंथ छापला. विसाव्या शतकात त्यास नवे आयुष्य मिळाले ते डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्यामुळे. १९४८ मध्ये लेस्टर येथे इंग्लिश स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू करण्यात हॉस्किन्स अग्रभागी होते. सामान्य माणसांचा, शेतांचा, कुंपणांचा आणि घरांचा इतिहास हा गंभीर अध्ययनाचा विषय आहे, हे त्यांनी ठासून मांडले. त्याच परंपरेतील डेव्हिड हेय यांचा ट्यूडर व स्टुअर्ट काळातील मिडलवरील प्रबंध १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९८१ मध्ये गॉफचा ग्रंथ त्यांच्याच संपादनाखाली पेंग्विनने सर्वसामान्य वाचकांसाठी काढला.

हेय यांच्या कामाचे विशेष मोल असे की त्यांनी गॉफच्या स्मृतीची परीक्षा घेतली. १५३८ पासून इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी, असा दंडक होता. त्या नोंदवह्या, मृत्युपत्रे, मृतांच्या घरांतील वस्तूंच्या याद्या, मॅनरचे सर्वेक्षण आणि न्यायालयीन जबान्या यांच्याशी गॉफची विधाने ताडून पाहता तो बहुतांशी विश्वसनीय असल्याचे दिसून आले. वृद्ध माणसाच्या स्मरणावर व ऐकीव गोष्टींवर आधारलेला मजकूर इतका खरा उतरावा, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. पण त्याचे कारण बहुधा पुन्हा बाकांतच आहे. दर रविवारी, आयुष्यभर, तीच घरे त्याच क्रमाने डोळ्यांसमोर बसलेली पाहणाऱ्या माणसाला स्मृतीसाठी वेगळा आधार लागत नाही. एकेक आसन हे त्याच्यासाठी एकेका घराच्या आठवणींचे कपाट होते.

मौखिक स्मृती आणि दस्तऐवज यांच्या या मेळामुळे एक गोष्ट उघड झाली, जी दोहोंपैकी एकाच साधनातून दिसली नसती. नोंदवहीत माणसे जन्मतात, विवाह करतात आणि मरतात. मधली माणसे अचानक नाहीशी होतात. ती कोठे गेली, हे गॉफ सांगतो. कोणी लंडनला शिकाऊ उमेदवार म्हणून गेला, कोणी शेजारच्या पॅरिशमध्ये सासरी वा नोकरीस गेली, कोणी युद्धात गेला. जुने इंग्लिश खेडे अचल होते, पिढ्यानपिढ्या तेथील माणसे तेथेच राहत, ही कल्पना मिडलच्या अभ्यासाने ढासळली. लंडन हे त्या काळीही मिडलच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यातले नित्याचे नाव होते. थोडी घराणी स्थिर आणि भोवती अनेकांची सतत ये-जा, असे खरे चित्र होते. आसने स्थिर, बसणारे बदलते.

मिडलच्या सेंट पीटर चर्चचा मनोरा १६३४ मध्ये, म्हणजे गॉफच्या जन्माच्या आदल्या वर्षी उभारला गेला. तो आजही उभा आहे. चर्चच्या उर्वरित भागाची अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पुन्हा बांधणी झाली आणि त्यात जुन्या बाकांची रचना नाहीशी झाली. ज्या आसनांचे हक्क पुढील पिढ्यांनी विसरू नयेत म्हणून गॉफने लेखणी उचलली, ती आसने आता त्याने हस्तलिखितात काढलेल्या आराखड्यात तेवढी पाहावयास मिळतात.